एमबीबीएसचं पहिलं वर्ष: कॉलेज सुरू होण्याआधीच्या महिन्यात काय करावं, काय टाळावं

प्रश्न थोडक्यात असा होता: सीईटी सेलच्या दुसऱ्या फेरीत सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम, नीटसाठी एक वर्ष गॅप घेतला होता. कॉलेज सुरू व्हायला अजून महिना आहे. अ‍ॅनाटॉमी (शरीररचनाशास्त्र) आत्तापासूनच वाचून काढू का, कोणती पुस्तकं घेऊ, आणि हाडांचा संच आधीच विकत घ्यावा का?

मी अ‍ॅनाटॉमी शिकवते, पहिल्या वर्षाच्या व्हायव्हाही (तोंडी परीक्षा) घेते. वयाने तू माझ्या विद्यार्थिनींएवढी, म्हणून एकेरीत लिहिते.

तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘आत्ता नको’ असं आहे. खरी अडचण पुस्तकांची नाहीच. नीटमध्ये १८० प्रश्न होते आणि प्रत्येकाचं उत्तर समोरच्या चार पर्यायांतच होतं. तुला ते ओळखायचं होतं. दोन-तीन वर्षं तू ओळखण्याचा सराव केलास आणि तो इतका चांगला केलास की सीट मिळाली. पहिल्या वर्षी मात्र हातात हाड दिलं जातं आणि ‘बोला’ एवढंच म्हटलं जातं. पर्याय नसतात. कोऱ्या पानावर ‘ब्रेकियल आर्टरी’ (दंडातली मुख्य धमनी) असं लिहून पुढची दोन पानं तुलाच भरायची असतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि तोंड उघडलं की तिसऱ्या वाक्याला गाडी अडते. दरवर्षी पहिल्या पार्ट कंप्लिशन परीक्षेत, म्हणजे एक भाग शिकवून झाल्यावर होणाऱ्या परीक्षेत, हुशार मुलं घसरतात ती बहुतेक इथेच. तेव्हा हा महिना अभ्यासक्रम आधीच उरकण्यासाठी नाही, अभ्यासाची सवय बदलण्यासाठी वापरायचा.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. तू घरून जाणार की होस्टेलला राहणार, जाण्या-येण्यात किती वेळ जाणार, कॉलेज जुनं आहे की नवीन, डिसेक्शनच्या, म्हणजे मृतदेहाचा छेद करून शिकण्याच्या, एका टेबलाला किती मुलं असतील, यावर वेळापत्रक बदलेल. आणि गॅप वर्षाचा थकवा अंगात असेल, तर पहिले दहा दिवस काहीच करू नकोस. वेळेवर झोप, वेळेवर जेवण, रोज तासभर चालणं, बास. पुढचं वर्ष लांबलचक आणि दाट असतं, थकलेल्या मेंदूने ते सुरू करण्यात काही अर्थ नाही.

आधीच अ‍ॅनाटॉमी वाचू नको असं का म्हणते? बॉडी समोर नसताना हाताचा भाग वाचला, तर ती नुसती नावांची यादी होते. नस (नर्व्ह) कुठून येते, कोणत्या स्नायूखालून जाते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टिकत नाही, तीन आठवड्यांत पुसून जातं. त्याहून वाईट म्हणजे, पुसलं तरी ‘हे माझं झालंय’ ही भावना मागे राहते. मग नेमक्या त्याच डेमोला मन लागत नाही, आणि अर्धवट माहिती पक्की होऊन बसते. कोऱ्या पाटीने आलेली मुलं अशा वेळी पुढे जातात.

मग महिनाभर करायचं काय? पहिली गोष्ट भाषा. तू मराठी माध्यमातली आहेस, आणि यात तुला वाटतं त्यापेक्षा फायदा जास्त आहे. इंग्रजी माध्यमातली मुलं बोलीभाषेतला ‘आर्म’ म्हणजे अख्खा हात घेऊन येतात आणि चुकतात. अ‍ॅनाटॉमीत आर्म म्हणजे फक्त खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग. आपल्याकडे त्याला सरळ ‘दंड’ हा शब्द आहे. तसंच ‘लेग’ म्हणजे अख्खा पाय नव्हे, गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचाच भाग, पुढून नडगी आणि मागून पोटरी. त्याच्या वरचा भाग थाय, म्हणजे मांडी. हे चार शब्द पहिल्या दिवसापासून पक्के असतील, तर पुढच्या शंभर चुका टळतात.

अडेल ते वेगळ्या ठिकाणी. शाळेत तू यकृत, वृक्क, फुप्फुस, जठर शिकलीस. इथे प्रत्येक अवयवाला इंग्रजी नाव एक आणि विशेषण दुसरंच: किडनी पण रीनल आर्टरी, लिव्हर पण हिपॅटिक व्हेन, लंग पण पल्मनरी, स्टमक पण गॅस्ट्रिक. अशा जोड्या रोज पाच लिही आणि मोठ्याने वाच. महिन्यात दीडशे होतात, तेवढ्या पुरे. उपसर्गही त्याच वहीत घे: सुप्रा म्हणजे वर, इन्फ्रा आणि सब म्हणजे खाली. इंटर आणि इंट्रा यांचा घोळ हमखास होतो, म्हणून दोन्ही उदाहरणासकट लिही. इंटरकॉस्टल म्हणजे दोन बरगड्यांच्या मधलं, इंट्रामस्क्युलर म्हणजे स्नायूच्या आतलं.

मग लांबलचक नावांची भीती जाते. एक्स्टेन्सर कार्पाय रेडियालिस लाँगस हे नाव फोडून बघ. एक्स्टेन्सर म्हणजे सरळ करणारा, कार्पाय म्हणजे मनगटाचा, रेडियालिस म्हणजे रेडियस हाडाच्या, अर्थात अंगठ्याच्या बाजूचा, आणि लाँगस म्हणजे लांब. काम, जागा, बाजू आणि लांबी नावातच सांगितली आहे. शिवाय ‘लाँगस’ आहे म्हणजे कुठेतरी ‘ब्रेव्हिस’, आखूड जोडीदार असणार, हेही त्यातून कळतं.

याच्या जोडीला अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन शिकून घे: ताठ उभं, नजर समोर, हात बाजूला, तळवे पुढे. या स्थितीत अंगठा शरीराच्या मध्यरेषेपासून लांब असतो, म्हणून तो लॅटरल आणि करंगळी मीडियल. तळवे मांडीला टेकवून विचार केला की हे गडबडतं. पुढच्या वर्षभरातलं प्रत्येक वाक्य या एका उभं राहण्याच्या पद्धतीवर बेतलेलं असतं, म्हणून आरशासमोर उभी राहून हे शब्द स्वतःच्या अंगावर बोट ठेवून म्हण.

स्वतःचं शरीर हे तुझं पहिलं पुस्तक. एक नमुना देते. उजवा कोपर थोडा वाकव, तळवा वर ठेव आणि डाव्या हाताच्या बोटांनी कोपराच्या पुढच्या खळग्यात चाचप. मधोमध एक कडक दोरी लागेल, ते बायसेप्सचं टेंडन, म्हणजे दंडाच्या स्नायूला हाडाशी जोडणारा दोर. त्याच्या किंचित आतल्या, म्हणजे छातीकडच्या बाजूला बोटं हलकी दाबून थांब, ठोका लागेल. ती ब्रेकियल आर्टरी. रक्तदाब मोजताना स्टेथोस्कोप इथेच ठेवतात. तिच्याही आतल्या बाजूला मीडियन नर्व्ह असते, ती बोटाला लागणार नाही, पण क्रम लक्षात ठेव: बाहेरून आत टेंडन, आर्टरी, नर्व्ह. आता कोपराच्या मागे आतल्या बाजूला जो हाडाचा उंचवटा आहे, त्याच्या मागच्या खोबणीत बोट फिरव. कोपर भिंतीला आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात त्या इथल्या अल्नर नर्व्हमुळे. हाडावर अगदी उघडी बसलेली आहे ती. दहा मिनिटांत एक धमनी, दोन नसा आणि एक टेंडन झालं, आणि ते तू आयुष्यभर विसरणार नाहीस.

हाडांचं सांगते. संच आत्ता घेऊ नकोस. बऱ्याच कॉलेजांत विभागाकडून हाडं अभ्यासाला मिळतात, सिनियर्सकडून संच वापरायला मिळतो, आणि प्लास्टिकच्या चांगल्या प्रतिकृतीही आहेत. कॉलेजला गेल्यावर विचार, मग ठरव. विकत घेतला तरी मुलं सहसा अर्धा संच घेतात, कारण हातापायाची हाडं जोडीची असतात आणि एका बाजूची अभ्यासाला पुरतात. यात एक खाच आहे. ज्यांनी वर्षभर फक्त उजवी बाजू हाताळली, त्यांच्या हातात परीक्षेत डावं हाड आलं की गोंधळ उडतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी विभागाच्या म्युझियममध्ये जाऊन दुसऱ्या बाजूचं हाड हातात घ्यायचं.

हाड शिकायचं कसं, ते क्लॅव्हिकलवर दाखवते. गळ्याखालचं आडवं हाड, दोन्ही बाजूंना हाताला लागतं. पहिल्यांदा पुस्तक बंद ठेवून हाड फक्त बघायचं. एक टोक जाडजूड, दुसरं चपटं. चपटं टोक खांद्याकडे, जाड टोक छातीच्या मधल्या हाडाकडे. हाडाला दोन बाक आहेत: आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, बाहेरचा एक तृतीयांश पुढून खोलगट. खालच्या अंगाला मधल्या भागात एक पन्हळ आहे, तिथे सबक्लेव्हियस स्नायू लागतो. या तीन खुणा जुळवल्या की उजवं-डावं ठरतं, आणि मग ते हाड स्वतःच्या गळ्याखाली बरोबर धरून दाखवायचं. व्हायव्हात पहिला अर्धा मिनिट एवढंच बघितलं जातं, आणि जो हाड उलटं धरतो त्याचं पुढचं उत्तर कितीही पाठ असलं तरी त्याला काठावरून परत आणावं लागतं. त्यानंतर पुस्तक उघडून स्नायू कुठे लागतात ते खडूने हाडावर रंगवायचं, उगमाला लाल, शेवटाला निळा. शेवटी ‘का’ विचारायचं. हाड मोडतं ते बहुधा दोन बाकांच्या जोडाच्या आसपास. मोडल्यावर बाहेरचा तुकडा हाताच्या वजनाने खाली येतो, आतला तुकडा मानेचा स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड स्नायू वर ओढतो. म्हणून असा रुग्ण दुखऱ्या बाजूचा कोपर दुसऱ्या हाताने तोलून धरत आत येतो. बघणं, धरणं, रंगवणं, कारण सांगणं: एका हाडाला पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी न बघता पाच मिनिटं बोलणं.

हे बोलणं आत्तापासून सुरू कर, विषय कुठलाही घे. बारावीच्या जीवशास्त्रातलं हृदय घेतलंस तरी चालेल. एक पान वाच, पुस्तक मिट, फोनवर दोन मिनिटं स्वतःचा आवाज रेकॉर्ड कर. इंग्रजीत, मोडकंतोडकं चालेल. मग ऐक आणि कुठे अडलीस तेवढंच पुन्हा वाच. पहिल्या आठवड्यात ऐकवणार नाही इतकं वाईट वाटेल, तिसऱ्या आठवड्यात फरक कळेल. आकृत्यांचंही तसंच: रोज एक, पेन्सिलने, पाच मिनिटांच्या आत, नावांसकट, आठवणीतून. सुबकपणा नको, प्रमाण हवं. पेपरात आकृतीला गुण असतात आणि तिथे छायांकन करत बसायला वेळ नसतो.

उत्तराचा साचाही सांगून ठेवते, कारण तो पाठ असला की कोरं पान घाबरवत नाही. स्नायू असेल तर उगम, शेवट, नस, काम, आणि तो निकामी झाला तर काय होईल. धमनी असेल तर कुठे सुरू होते, मार्ग, आजूबाजूला काय, फांद्या, रुग्णात महत्त्व. सांधा असेल तर प्रकार, जुळणारे पृष्ठभाग, लिगामेंट्स, हालचाली, रक्तपुरवठा, नसा, आणि तो का निखळतो.

फिजिऑलॉजीत (शरीरक्रियाशास्त्र) अनेकांना प्रॅक्टिकल किरकोळ वाटतं, आणि तिथेच गुण जातात. साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन काढायचं म्हणजे बोट टोचून रक्ताचे २० घन मिलिमीटर पिपेटमध्ये ओढायचे, नळीतल्या डेसिनॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळायचे, दहा मिनिटं थांबायचं आणि मग डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबाने घालत रंग जुळवायचा. सोपं वाटतं, पण बहुतेकांचं उत्तर कमी येतं. कारण रक्त येत नाही म्हणून बोट पिळतात, त्यातून ऊतींमधला द्रव रक्तात मिसळतो. किंवा घाईने पाचव्या मिनिटालाच पाणी घालतात, तोवर अ‍ॅसिड हिमॅटिन, म्हणजे ज्याचा रंग जुळवायचा तो तपकिरी पदार्थ, पुरेसं तयार झालेलं नसतं. स्पिरिट वाळण्याआधी टोचलं तर थेंब गोल राहत नाही, पसरतो. पहिला थेंब पुसायचा, आपोआप आलेला दुसरा घ्यायचा. प्रत्येक पायरीला कारण आहे आणि व्हायव्हात तेच विचारतात.

बायोकेमिस्ट्री ‘शेवटी दोन महिन्यांत करू’ म्हणून मागे टाकली जाते. असं करू नकोस. चक्रं घोकू नकोस. प्रत्येक मार्गाला पाच प्रश्न विचार: पेशीत कुठे घडतं, आत काय जातं, बाहेर काय येतं, वेग कमी-जास्त करणारा नळ कुठल्या एन्झाइमच्या हातात आहे, जेवल्यावर आणि उपाशीपोटी काय बदलतं. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या आहेत, पण नळ तीनच ठिकाणी आहे: हेक्सोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१ आणि पायरुव्हेट कायनेज. आधी या तीन, मग उरलेल्या सात. आठवड्यातून दोन सलग तास तिला राखून ठेवलेस तर प्रिलिमच्या वेळी हाल होत नाहीत.

खरेदीचं. पांढरा सुती अ‍ॅप्रन, पूर्ण बाह्यांचा, दोन नग: एक डिसेक्शन हॉलसाठीच ठेवायचा, वेगळ्या पिशवीत आणायचा आणि वेगळा धुवायचा. बंद बूट, केस बांधायला साधे रबरबँड, हातमोज्यांचा एक डबा. डिसेक्शनचा साधा संच पुरतो. त्यातलं चार नंबरचं स्काल्पेल हँडल आणि बावीस नंबरचं ब्लेड एकमेकांना बसतं, तीन नंबरच्या हँडलला ते बसत नाही, एवढं बघून घे. ब्लेड बोटांनी कधी लावायचं-काढायचं नाही, आर्टरी फोर्सेपने (पकडीच्या चिमट्याने) धरायचं. पहिल्या महिन्यातल्या कापण्याच्या जखमा बहुतेक अशाच होतात. प्रत्यक्षात ब्लेडचा वापर त्वचेपुरताच, पुढचं सगळं काम बोथट चिमट्याने आणि बोटांनी होतं. महागडा स्टेथोस्कोप आत्ता नको, पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला साधा चालतो. पुस्तकांची नावं मुद्दाम देत नाही. तुझ्या विभागात कोणत्या पुस्तकावरून शिकवतात ते पहिल्या आठवड्यात कळेल. विषयाला एक पुस्तक आणि अ‍ॅनाटॉमीला एक अ‍ॅटलास (चित्रांचं पुस्तक) पुरतो, आणि ग्रंथालयात पुस्तकपेढी आहे का ते आधी विचार. एका विषयाची तीन पुस्तकं घेणाऱ्याचं एकही पुरं होत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असशील तर डिसेक्शनला चष्मा लाव. देह टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मलिनच्या वाफेने डोळे चुरचुरतात आणि लेन्समुळे त्रास वाढतो. पहिल्या दिवशी नाश्ता करूनच जा. रिकाम्या पोटी, गुडघे ताठ ठेवून, गर्दीत उभं राहिलं की चक्कर येते. तसं वाटलं तर लगेच खाली बसायचं, डोकं गुडघ्यांकडे न्यायचं, कुणाला तरी सांगायचं. यात लाजण्यासारखं काही नाही, दर बॅचला दोन-चार जणांना होतं. टेबलावर जो देह असतो, तो बहुतेक वेळा कुणीतरी स्वतःच्या इच्छेने दिलेला असतो, नातेवाइकांनी दुःखात असताना ती इच्छा पूर्ण केलेली असते. काही देह बेवारस म्हणून १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याखाली आलेले असतात. म्हणून सुरुवातीला शपथ घेतली जाते. फोटो काढायचा नाही, थट्टा करायची नाही, झाकायचं कापड नीट झाकायचं. याबाबतीत मी कुणालाच सूट देत नाही.

एक काम मात्र याच आठवड्यात कर: हिपॅटायटिस बीची लस. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड शोध. डोस पूर्ण नसतील तर पहिला डोस आत्ता, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी तपासून घ्यायची. लहानपणी डोस झालेले असतील तर पातळी तपासावी का, हे डॉक्टरांना विचार. वॉर्डात जायला लागल्यावर आठवण होते आणि तोवर सहा महिने वाया गेलेले असतात. कांजिण्या झाल्या होत्या का, हेही आईला विचारून ठेव. होस्टेलमध्ये एकाला झाल्या की मजलाभर पसरतात.

कागदपत्रं: मूळ प्रती कॉलेज ठेवून घेतं, म्हणून त्याआधी प्रत्येक कागद स्कॅन कर आणि पाच संच झेरॉक्स काढ. शिष्यवृत्तीला पात्र असशील तर महाडीबीटीसाठी (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास जात वैधता हाताशी हवी, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं हवं.

कॉलेज सुरू झाल्यावर रोजचा हिशेब असा: डिसेक्शनच्या आधी वीस मिनिटं त्या दिवसाचा भाग चाळायचा, संध्याकाळी तोच भाग आठवणीतून काढायचा आणि बोलायचा, एक तास. फिजिऑलॉजीला पाऊण तास. जर्नल (प्रॅक्टिकलची वही) त्याच आठवड्यात पूर्ण करून सही घ्यायची, साठलेलं जर्नल परीक्षेच्या तोंडावर रात्री खातं. हजेरी लेक्चरला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, विषयवार, आणि ती भरून काढायला नंतर वाव नसतो. पहिल्या वर्षासाठी एकूण चारच प्रयत्न मिळतात, हेही माहीत असू दे.

फॅमिली अ‍ॅडॉप्शनसाठी, म्हणजे गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवण्याच्या उपक्रमासाठी, गावात जाल तेव्हा तुझी मराठी उपयोगी पडेल. देशपातळीच्या १५ टक्के कोट्यातून आलेल्या तुझ्या मित्रांना तिथे शब्द सापडत नसतात. ‘पोटात कळ येते’, ‘गुबारा धरतो’, ‘मुरडा येतो’ यातला फरक त्यांना समजावून सांग, बदल्यात त्यांच्याकडून इंग्रजी बोलायचा सराव घे.

पहिल्या पार्ट कंप्लिशनला गुण कमी आले, तर उत्तरपत्रिका घेऊन शिकवणाऱ्यांकडे जा आणि एकच विचार: मला हे येत नव्हतं, की येत होतं आणि लिहिता आलं नाही? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. झोप उडाली, जेवण सुटलं, खोलीतून बाहेर पडावंसं वाटेना झालं, तर परीक्षेनंतर बघू म्हणून थांबू नकोस. १४४१६ ही टेलि-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनची, मोफत सेवा आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. रॅगिंगच्या तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२. दोन्ही नंबर आजच फोनमध्ये सेव्ह कर, आणि आईच्याही फोनमध्ये करून ठेव.